सासरे म्हणतात १६ मार्चला यान येणार, घरात काय करू?

मावशी, नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहतो. सासरे, म्हणजे आमचे अप्पा, ६८ वर्षांचे आहेत, आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागातला बिघाड काढणारे, होते, आता घरीच असतात. ऑक्टोबरपासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या थ्रीआय अ‍ॅटलासचे व्हिडिओ बघायलेत. तो धूमकेतू नाहीच, परग्रहावरचं यान आहे, नासा लपवायलीय, हार्वर्डचा प्रोफेसर खोटं बोलेल का, हे रोज जेवताना. १९ डिसेंबरला पृथ्वीजवळ येऊन कायतरी सोडणार म्हणाले, काही झालं नाही. आता २०२६ च्या १६ मार्चला गुरूजवळ सोडणार म्हणतात. मुलगा पाचवीत आहे, आजोबांजवळच झोपतो. त्यानं वहीत ‘हे यान आहे’ असं लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारली, तर अप्पा शाळेत जाऊन भांडून आले. पोरगा आता रात्री गच्चीवर जात नाही, बाथरूमला जायला पण सोबत लागते. मिस्टर अप्पांवर ओरडतात, मग अप्पा जेवत नाहीत. खरं काय ते सांगा आणि त्यांच्याशी बोलायचं कसं ते पण सांगा. त्यांच्या मोबाइलमधलं यूट्यूब गुपचूप काढून टाकू का?
एक सून

अगं सूनबाई,

आधी पोराचं बघू, अप्पा थांबतील. आज रात्रीच त्याला जवळ घेऊन सांग की ती वस्तू परत चाललीय. येत नाहीये, चाललीय. १९ डिसेंबरला ती आपल्या सगळ्यात जवळ होती ना, तेव्हासुद्धा २७ कोटी किलोमीटर लांब होती, आणि सूर्य आपल्यापासून १५ कोटी. म्हणजे ‘जवळ’ आली तेव्हा ती सूर्याच्या जवळजवळ दुप्पट लांब होती. सूर्य काय रोज आपल्या गच्चीवर उतरतो का? एकदा गेली की परत कधीच येणार नाही, कारण तिचा वेगच एवढा आहे की सूर्याला ती धरून ठेवता येत नाही. सापडली तेव्हा सेकंदाला ६० किलोमीटरच्या आसपास पळत होती, म्हणजे सोलापूर ते पुणे चार सेकंदांत, टेंभुर्णीला चहाला पण न थांबता. हे असंच सांग, पोरं हसली की भीती निम्मी होते.

आणि आजोबा खोटं बोलतात असं मात्र त्याला सांगू नकोस, तो त्यांच्याजवळ झोपतो.

आता अप्पांना हसण्याआधी माझी एक गोष्ट ऐक. २०२२ चा गुढीपाडवा, २ एप्रिल, मी नागपूरला बहिणीकडे होते. संध्याकाळी आठच्या आत-बाहेर आम्ही गच्चीवर, आणि आभाळातून जळती रेघ गेली, एक नाही, बरेच तुकडे एकामागोमाग, सावकाश. मी काय केलं? तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, मोबाइल काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं, “क्षेपणास्त्र!! सगळे घरात थांबा!!” पुढं दोन दिवसांत कळलं की चिनी रॉकेटचा उरलेला भाग वातावरणात शिरून जळाला होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं धातूची भलीमोठी कडी आणि गोळे पडलेले सापडले. माझा भाचा अजून पाडव्याला “मावशी, घरात थांबू का?” असा मेसेज टाकतो. तर मुद्दा काय, आभाळात काही वेगळं दिसलं की डोकं आधी मोठ्ठं उत्तर शोधतं, ते माझंही शोधलं आणि अप्पांचंही. फरक एवढाच की माझी कडी दोन दिवसांत शेतात सापडली, अप्पांची तारीख मात्र पुढं पुढं सरकायलीय.

आता खरं काय ते. १ जुलै २०२५ ला चिलीमधल्या अ‍ॅटलास नावाच्या दुर्बिणीला हे दिसलं. कक्षा काढली तर लक्षात आलं की हे आपल्या सूर्यमालेतलं नाहीच, बाहेरून आलेलं तिसरं, म्हणून नाव थ्रीआय, आय म्हणजे इंटरस्टेलर, दुसऱ्या ताऱ्यांकडून आलेलं. इथपर्यंत अप्पा शंभर टक्के बरोबर आहेत, हे त्यांना मोकळेपणानं सांग, बाहेरून आलंय हे खरंच आहे आणि भारीच आहे. पण बाहेरून आलं म्हणजे कुणीतरी पाठवलं असं नसतं ना. आपल्याकडं गड्ड्याच्या यात्रेला कुठून कुठून माणसं येतात, सगळ्यांनाच काय कुणी पाठवलेलं असतं?

ते धूमकेतू आहे हे ओळखलं कसं, तर तो जे करतो त्यावरून. सूर्याकडं येता येता त्याच्याभोवती धूळ आणि वायूचं आवरण फुगलं, शेपूट आली. जेम्स वेब दुर्बिणीनं बघितलं तर त्यातून कार्बन डायऑक्साइड भरपूर निघत होता. पाणी निघत होतं. सायनाइडचा वायू सापडला, तो पुष्कळ धूमकेतूंत असतोच. आणि हे सगळं अमेरिकेनं सांगितलं म्हणून मानायचं असंही नाही, नोव्हेंबरमध्ये आपल्या अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेनं माउंट अबूच्या १.२ मीटरच्या दुर्बिणीतून त्याचा प्रकाश तपासला, त्यांनाही नेहमीच्या धूमकेतूत दिसतात तेच वायू दिसले. अप्पा म्हणतात नासा लपवतेय. बरं, समजा. मग राजस्थानातल्या डोंगरावर बसलेली आपली माणसं कुणाच्या सांगण्यावरून लपवतील?

फोटो उशिरा आले हे खरं, त्यात अप्पांचा संशय अगदीच वेडा नाही. झालं असं की मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं २ ऑक्टोबरला फोटो घेतला, आणि नेमकं १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेत सरकारी काम ठप्प होतं, बजेटवरून त्यांच्या संसदेत भांडण. फोटो १९ नोव्हेंबरला दाखवले. या दीड महिन्यात यूट्यूबवाल्यांचा सुगीचा हंगाम झाला बघ. पण युरोपवाल्यांचंही एक यान मंगळाभोवती आहे, त्यानं ३ ऑक्टोबरला फोटो काढले आणि त्यांनी ते चार दिवसांत, ७ ऑक्टोबरला सगळ्या जगाला दाखवले. एकानं लपवायचं आणि दुसऱ्यानं दाखवायचं, असं कसलं कट-कारस्थान? आणि नासाचा फोटो धुरकट ठिपका का, तर तिथून अंतर तीन कोटी किलोमीटरचं, त्यामुळं फोटोतल्या एका ठिपक्यात ३० किलोमीटर बसतात, जवळजवळ सोलापूर ते मोहोळ. आणि हबल दुर्बिणीच्या मोजमापावरून त्या धूमकेतूचा मधला गोळा फार तर साडेपाच-सहा किलोमीटरचा. तो दिसणार कुठून!

मग रेडिओ सिग्नलचं. अप्पांनी हे पण ऐकवलं असणार, “दक्षिण आफ्रिकेत सिग्नल पकडला.” ऑक्टोबरच्या शेवटी तिथल्या मीरकॅट दुर्बिणीला खरंच काहीतरी सापडलं, पण ते काय होतं? पाण्याचा रेणू उन्हानं फुटला की ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी सुटी होते, ती ठरावीक लहरींचा रेडिओ प्रकाश शोषून घेते. शोषून घेते गं. म्हणजे तिकडून काही आलं नव्हतं, उलट तेवढ्या जागी कमी पडलं होतं. कमी पडलेल्याला ‘संदेश आला’ म्हणणं म्हणजे दूधवाल्यानं अर्धा लिटर कमी दिलं आणि आपण म्हणायचं त्यानं कायतरी निरोप पाठवलाय.

आता हार्वर्डचा प्रोफेसर. नाव अ‍ॅव्ही लोब, माणूस खरा आहे, शिकलेला आहे, तिथल्या खगोलशास्त्र विभागाचा कितीतरी वर्षं प्रमुख होता. तो खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस, कारण मग अप्पा त्याच्या बाजूनं उभे राहतील आणि विषय संपला. तू फक्त एवढंच सांग की जुलैमध्ये त्यानं आणि आणखी दोघांनी हे यान असू शकेल का असा जो पेपर लिहिला, त्यातच त्यांनी लिहिलंय की ही बरीचशी अभ्यास म्हणून केलेली कसरत आहे आणि सगळ्यात जास्त शक्यता ही वस्तू नैसर्गिक, बहुतेक धूमकेतू, असण्याचीच आहे. अप्पांच्या व्हिडिओत हे वाक्य येतं का विचार. नसणार. ते वाक्य थंबनेलवर टाकलं तर व्हिडिओ बघणार कोण?

पण मला त्याचा जो भाग पटत नाही तो वेगळा आहे. तो विचित्र गोष्टींची यादी करतो, आणि यादी लांबतच जाते. कक्षा ग्रहांच्या पातळीच्या पाच अंशांत आहे, मंगळाजवळून जातोय, निकेल आहे पण लोखंड दिसत नाही, शेपटीसारखं काहीतरी सूर्याच्या दिशेनं आहे, असं. मग प्रत्येकाची शक्यता काढायची, एवढ्यात एक, तेवढ्यात एक, आणि सगळ्यांचा गुणाकार करून म्हणायचं बघा किती अशक्य! अगं, हे आपल्याकडं घरोघरी चालतं. लग्न मोडलं की मग पत्रिका काढतात, आणि दोष सापडतोच, मंगळ नाहीतर शनी, नाहीतर नाडी. आधी बघून ज्यांनी छत्तीसपैकी तीस गुण जुळवले होते तेच नंतर दोष दाखवतात. घटना झाल्यावर शोधलं की सापडतंच.

यावर उतारा काय तो आपल्या जयंत नारळीकरांनी दाखवून ठेवलाय. २०२५ च्या मे महिन्यात गेले ते, पुण्यात. त्यांनी अंनिसच्या आणि संख्याशास्त्राच्या लोकांना बरोबर घेऊन ज्योतिषाची चाचणी घेतली होती, हुशार मुलांच्या शंभर पत्रिका आणि मतिमंद मुलांच्या शंभर, त्यातल्या चाळीस-चाळीस एकेका ज्योतिषाला द्यायच्या आणि विचारायचं, कोणती कुणाची ते सांगा. आधी प्रश्न, आधी नियम, मग उत्तर. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. आणि हेच नारळीकर, हं, काही लकीरीवर चालणारे नव्हते. महास्फोटाच्या सिद्धांताला जन्मभर विरोध केला, जीवसृष्टी अवकाशातून आली असेल का हा पण त्यांचा लाडका विषय. पण त्यासाठी त्यांनी आणि इस्रोवाल्यांनी काय केलं, तर हैदराबादहून, म्हणजे आपल्याच हायवेवरच्या हैदराबादहून, फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा आणून तपासली. नवे जिवाणू सापडले, २००९ ला जाहीर केलं, आणि त्याच वेळी इस्रोनं स्पष्ट सांगितलं की हे पृथ्वीबाहेरूनच आले असं यावरून पक्कं सिद्ध होत नाही. बाहेरून आले असते तर त्यांना आवडलंच असतं की! तरी थांबले. अप्पांना प्रोफेसरच पाहिजे असेल तर हा घ्या म्हणावं, कोल्हापूरचा, आपल्या भाषेतला.

लोबसाहेबांची अजून एक गंमत आहे, ती अप्पांना नक्की सांग, ते हसतील. २०१४ ला पापुआ न्यू गिनीजवळ समुद्रावर एक उल्का फुटली. ती बाहेरच्या ताऱ्यांकडून आलेली म्हणून २०२३ ला यांनी तिथं जाऊन समुद्राच्या तळावर लोहचुंबक ओढून बारीक बारीक गोळ्या गोळा केल्या. शोधायचं कुठं हे ठरवताना एका बेटावरच्या भूकंपमापकाच्या नोंदीचा आधार घेतला होता, उल्का फुटल्याचा तो हादरा असं समजून. पुढच्या वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच नोंद परत तपासली, तर हादऱ्याची दिशा रस्त्याच्या बाजूनं सरकत होती. ट्रक होता म्हणे तो. बहुतेक शेजारच्या रस्त्यावरून गेलेला ट्रक. आमच्या होटगी रोडच्या घरात रोज रात्री दोन वाजता भांडी वाजतात, आम्ही आजवर कधी समुद्रात लोहचुंबक सोडलं नाही.

तुझ्या पत्रात नाही, पण अप्पा पुढं ओमुआमुआ काढतील म्हणून सांगून ठेवते. २०१७ ला सापडलेली पहिली बाहेरची वस्तू. ती खरोखर विचित्र होती, लांबुळकी किंवा चपटी, शेपूट नाही, आणि सूर्यापासून लांब जाताना जरा जास्तच वेगानं गेली. तिथं शास्त्रज्ञांमध्ये खरा वाद झाला आणि तो पुरता मिटलाय असंही नाही. २०२३ ला एक बऱ्यापैकी उत्तर आलं की बर्फात अडकलेला हायड्रोजन उन्हानं सुटला आणि त्यानं हलकासा धक्का दिला. पण ती सापडली तीच परत जाताना, दोन-तीन महिने बघायला मिळाली, एवढ्यात किती कळणार. दुसरी २०१९ ची, बोरिसोव्ह नावाच्या हौशी माणसानं स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधलेली, ती सरळसरळ धूमकेतू निघाली. तिच्यावर अप्पांनी एक तरी व्हिडिओ बघितलाय का? साधं निघालं की कुणी विचारत नाही बिचारीला.

आता बोलायचं कसं. पहिलं, तुझ्या मिस्टरांना गप्प बसव. मुलगा बापाला नातवासमोर अडाणी म्हणतो तेव्हा बाप यान सोडत नाही, उलट त्यात जाऊन बसतो.

दुसरं, अप्पा जॉबर होते हे तू सहज लिहून गेलीस, पण सगळी किल्ली तिथंच आहे. माझे वडील मागावरच होते, मला माहितीय जॉबर काय चीज असते ते. चादरीत दोष आला की विणकर ओरडतो, मालक ओरडतो, जॉबर ओरडत नाही, वाकून बघतो. उभी रेघ सलग आलीय म्हणजे ताण्याचा धागा तुटलाय. आडवा पट्टा पडलाय म्हणजे बाण्यात गडबड, कांडी बघ, धोटा बघ. तोच दोष डिझाइनच्या प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी येतोय म्हणजे जकार्डचं कार्ड बघ, भोक चुकलं असणार. फणी बघतील, बीम बघतील. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदा तरी म्हटलंय का की माग झपाटलाय? तर अप्पांना जाऊन हे विचार, भांडणाच्या सुरात नाही, चहा देताना, की “अप्पा, तुम्ही दोष कसा पकडायचात?” आणि बोलू दे. तास गेला तरी बोलू दे. रिटायर झाल्यापासून त्यांना हे कुणी विचारलं नसेल, रात्री दोन वाजता यूट्यूबच बोलतं त्यांच्याशी. मग सावकाश विचार, “मग या धूमकेतूत सुरुवातीला निकेल दिसलं, लोखंड नाही, तर पहिलं काय तपासायचं?” उत्तर तू देऊ नकोस.

तिसरं, एक वही आण. नातवाच्या हातानं लिहून घ्यायचं, अप्पांनी सांगायचं, १६ मार्चला नेमकं काय होणार. काय दिसणार, कुणाला दिसणार, किती दिवसांत कळणार. आणि त्याखाली, हे महत्त्वाचं, काय झालं तर अप्पा म्हणतील की बुवा यान नव्हतं. सही, तारीख. शास्त्रज्ञांचं म्हणणं पण शेजारी लिहा, त्या दिवशी ते गुरूपासून ५ कोटी ३६ लाख किलोमीटरवरून निघून जाईल, काही सोडणार नाही, वळणार नाही. लोब म्हणतो गुरूच्या ओढीची हद्द नेमकी तेवढ्याच अंतरावर संपते म्हणून संशय. पण तेवढं अंतर म्हणजे सूर्य ते पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे हे पण लिहा. १९ डिसेंबरचं वहीत नव्हतं, म्हणून तारीख सरकली. लिहिलेलं सरकत नाही.

आणि सध्या गुरू बघण्यासारखा आहे गं. २०२६ च्या १० जानेवारीला तो आपल्याकडून बघता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, त्यामुळं हल्ली संध्याकाळ झाली की पूर्वेकडं वर चढलेला असतो, मिथुनेत, एवढा ठळक की चुकायचंच नाही. भिंतीवर दाते पंचांग असेल तर काढ, आपल्या सोलापुरातच होतं ते, त्यात गुरू कुठल्या राशीत लिहिलाय ते पोराला वाचायला लाव आणि मग गच्चीवर ने. फलित बाजूला ठेव, गणित बघ, कागदावर आधीच लिहिलेलं आणि गुरू तिथंच उभा. पोराला भीती वाटते ना गच्चीची? आजोबांचा हात धरून जाईल, त्यांनीच घाबरवलंय, त्यांनीच न्यायचं. साधी बायनॉक्युलर मिळाली कुणाकडून तर कठड्यावर टेकवून धरा, हात हलतो. गुरूच्या बाजूला बारीक ठिपके दिसतील, दोन, तीन, कधी चार. ते त्याचे चंद्र. रोज त्यांची जागा वहीत काढायची, उद्या बदललेली असते. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत हेच केलं होतं. शहरात उजेड फार असेल तर एखाद्या रविवारी नान्नजकडं जा, माळढोकच्या माळरानाकडं, तिकडं आभाळ अंधारं मिळतं.

जमलं तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला जा, जीएमआरटी. ४५ मीटरच्या तीस रेडिओ दुर्बिणी, त्या दिवसांत लोकांना बघायला देतात, आधी चौकशी करून घे. लांब पडतं, मुक्काम धरावा लागेल. पण अप्पांना तिथं एखादा इंजिनीअर सापडला ना, की ते त्याला डिश कशी फिरते, गिअर कुठला, तेल कधी घालता विचारत बसतील. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ने, तिथं भूक लागते.

परग्रहावर कुणीच नाही असं मात्र अप्पांना सांगू नकोस, मी पण म्हणत नाही. असेल कुणी. ओमुआमुआलाही मोठ्या रेडिओ दुर्बिणीनं कान लावला होता, काही ऐकू आलं नाही, पण कान लावला ना. शोधायलेत सगळे.

यूट्यूब काढू नकोस. उद्या त्यांना कळलं तर नासा लपवते तशी सून पण लपवते असं होईल, आणि ते बरोबरच म्हणतील. त्यापेक्षा नातवाच्या झोपेच्या वेळी मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, सगळ्यांचा, तुझा पण.

शाळेच्या बाईंना भेटून ये, अप्पांच्या वतीनं सॉरी म्हण. पण लाल रेघ खोडायला सांगू नकोस, तिथं खाली पोराला पेन्सिलीनं लिहू दे, “१७ मार्चला बघू.”

तुझी,
मावशी